मिरर डिंगी: तारेने शिवलेल्या प्लायच्या होडीचा दहा महिन्यांनंतरचा अनुभव

दहा महिने वापर झाला, निम्मा धरणाच्या पाण्यात, निम्मा खाडीत. दोघांच्या या छोट्या शिडाच्या होडीला लाटांचा फारसा त्रास नाही. त्रास आहे तो स्क्रूच्या भोकांचा.

१९६२ मध्ये इंग्लंडमध्ये होड्यांचे आरेखक जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरकाम शिकवणारे बॅरी बकनेल यांनी ती आखली. डेली मिरर या वर्तमानपत्राने ती लोकांपुढे आणली, म्हणून हे नाव आणि शिडं लाल. लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४ मीटर, नाळ (होडीचं पुढचं तोंड) टोकदार नाही, सरळ कापलेली. प्लायचे तुकडे कडेला कडा लावून तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यांवर फायबरची पट्टी चढवायची. फासळ्या नाहीत, आकार प्लायच्या कापातूनच येतो.

मूळ प्लाय ५ मिमीचा. इथे ६ मिमीचा आयएस ७१० (भारतीय मानकाचा मरीन प्लाय) सहज मिळतो, पण तो गर्जनच्या लाकडाचा असला तर जड असतो. ८ बाय ४ ची एक शीट १२-१३ किलो. मूळ सांगाडा ४५ किलोच्या आसपास, हा ६३ किलो भरला. दोघांनी उचलून गाडीवर ठेवता येतो, पण हसत हसत नाही. नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका: शीटची कड बघा, आतल्या थरांत पोकळी दिसली तर परत करा. एक तुकडा कुकरमध्ये तासभर उकळा. थर सुटले तर तो प्लाय कपाटासाठी ठीक.

शिवायला कडेपासून १० मिमी आत, दर १० सेंमीला २ मिमीचं भोक. तार आधी सैल पिळायची. पूर्ण आकार उभा राहिला की पुढे आणि मागे होडीवर आडव्या दोन सरळ पट्ट्या ठेवून एका डोळ्याने बघायचं. त्या समांतर हव्यात. कर्णही दोरीने मोजायचे. ही अर्ध्या तासाची तपासणी टाळली तर पीळ कायमचा बसतो, आणि मग होडी एका बाजूला वाऱ्यावर नीट चढते (म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध तिरकी जाते), दुसऱ्या बाजूला रडते.

इपॉक्सी (राळ आणि ती घट्ट करणारा हार्डनर कालवून होणारा गोंद) सगळं मिळून ७ किलो लागलं. आपल्या उन्हाळ्यात डब्यात ठेवलेलं मिश्रण १५ मिनिटांत तापून धुरकटतं, म्हणून संथ हार्डनर घ्या, एका वेळी १५० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. प्रमाण वजनकाट्यावरच. हार्डनर जास्त टाकला की लवकर सुकेल हा समज चुकीचा. तो भाग महिनाभर चिकट राहतो आणि शेवटी खरवडावाच लागतो. कोपऱ्यांत भरायच्या इपॉक्सीच्या लगद्यात सिलिका आणि लाकडाचं बारीक पीठ घालून चक्क्याइतका घट्ट करा. चमचा उलटा केला तरी पडता कामा नये. तो ओला असतानाच ७५ मिमीची फायबरची पट्टी बसवली तर मधे घासकाम वाचतं. दमट हवेत सुकलेल्या थरावर मेणासारखा तवंग येतो. आधी पाण्याने धुवा, मगच पॉलिशपेपर. नाहीतर वरचा रंग सालीसारखा निघतो. आणि रंग पांढराच द्या. मेच्या उन्हात गडद पृष्ठभाग इपॉक्सी मऊ पडेल इतका तापतो.

आता भोकं. सुकाणूच्या बिजागरीपाशी दुसऱ्या महिन्यात काळे डाग दिसले, रंग फुगला. पाणी स्क्रूच्या कडेने प्लायच्या थरांत शिरलं होतं. उपाय कंटाळवाणा पण पक्का: ४ मिमीच्या स्क्रूसाठी ८ मिमीचं भोक, ते इपॉक्सीने भरायचं, सुकल्यावर त्यातच नवं भोक. बांधतानाच हे केलं तर दोन संध्याकाळींचं काम. खाडीसाठी स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ प्रतीवर गंजाचे ओघळ येतात.

शिडाची गंमत वेगळीच. डोलकाठी आखूड, तिच्यावर दुसरी काठी जवळजवळ उभी चढते, त्यामुळे उतरवल्यावर सगळा सरंजाम होडीतच मावतो. वरची काठी डोलकाठीपासून बोटभर जरी सुटली तरी होडी वाऱ्याकडे चढत नाही. ती काठी वर खेचणारी दोरी पुन्हा ताणा. काठीच्या खालच्या खोबणीत चामडं लावून व्हॅसलीन चोळा, नाहीतर डोलकाठी झिजते.

मंद वाऱ्यात मागे बसून राहिलात तर पाठीमागे पाण्याचा गुळगुळ आवाज येतो, म्हणजे मागची फळी पाणी ओढते आहे. दोघांनी हातभर पुढे सरकायचं. आवाज थांबतो आणि होडी मोकळी होते. हा क्षण मोठ्या बोटीत कुठला! दुपारनंतर खारे वारे वाढले आणि पाण्यावर पांढरे फेस दिसू लागले की शीड आखडा. उलट्या लाटेत चौकोनी नाळ थपाथपा आपटते, तोंडावर पाणी येतं. यावर इलाज नाही.

पात (होडीच्या मधून पाण्यात खाली सोडायची फळी) सरळ वर ओढायची आहे, मागे झुलणारी नाही. ओहोटीत वाळूच्या दांड्यावर वेगात आदळली तर पातीच्या पेटीची मागची कड तडकते. तिथे आतून फायबरचा जादा थर द्या आणि पाणी मांडीएवढं झालं की पात अर्धी वर घ्या.

किनाऱ्यावर हवाबंद कप्प्यांची बुचं काढूनच ठेवा: उन्हात आतली हवा फुगून सांध्यांवर ताण देते, आणि आतला दमटपणाही बाहेर पडतो. पावसाळ्यात होडी उपडी, जमिनीपासून फूटभर वर, ताडपत्री अंगाला न चिकटवता.