नवी एसएसडी: विंडोज नव्याने टाकायचं की जुनं क्लोन करायचं?

लॅपटॉपसाठी नवी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, हातात आली की हा प्रश्न येतोच: विंडोज कोरं टाकायचं, की जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करायचा? मी दोन्ही केलंय आणि दोन्हींत अडकलोय. म्हणून कुठली वाट कुठे अडते, तेच सांगतो.

आधी नव्याने टाकणं. 8 जीबीचा पेनड्राइव्ह आणि त्यावर विंडोजचं सेटअप उतरवून देणारं मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, एवढ्यावर भागतं. पण गेल्या दिवाळीत आतेभावाचा 11व्या पिढीचा इंटेल लॅपटॉप उघडला, नवी एनव्हीएमई (एसएसडीचा वेगवान प्रकार) बसवली, सेटअप सुरू केला, आणि 'विंडोज कुठे टाकायचं' या पडद्यावर यादी रिकामी! तो म्हणाला, "दादा, एसएसडी खराब निघाली, परत करू या." काढून पुन्हा बसवली, तरी तेच. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, गेलो तर तिथे एसएसडीचं नाव व्यवस्थित दिसत होतं.

खूण हीच. बायोसला दिसते आणि सेटअपला दिसत नाही, तर एसएसडी बहुतेक धडधाकट आहे, अडलंय ते ड्राइव्हरवर, म्हणजे विंडोजला तो भाग ओळखायला लावणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर. 11व्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाचा, डिस्क सांभाळणारा कंट्रोलर चालू असतो. एसएसडी त्याच्यामागे असते आणि सेटअपकडे त्याचा ड्राइव्हर नसला तर ती सापडत नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्राइव्हर (व्हीएमडीचा ड्राइव्हर तोच) घ्या, उलगडून .inf (आयएनएफ) फाइल असलेला फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्राइव्हर' दाबून तो दाखवा. आमची यादी त्याच क्षणी भरली. वायफायचा ड्राइव्हरही त्याच पेनड्राइव्हवर घ्या, कारण विंडोज 11 चं सेटअप पुढे इंटरनेट मागतं.

बायोसलाही दिसत नसेल तर स्लॉट तपासा. एम.2 आकाराच्या (छोट्या पट्टीसारख्या) एसएसडी जुन्या, संथ साटा प्रकारच्याही असतात आणि एनव्हीएमईही. फक्त साटा चालणाऱ्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई ओळखली जात नाही. डिस्क जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत) असल्याने विंडोज टाकता येत नाही असा संदेश आला, तर पेनड्राइव्ह लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या, पद्धतीने सुरू झालाय. बूट मेनूत (कशावरून सुरू करायचं ते विचारणारी यादी) यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीची, नोंद निवडा.

आता क्लोन. सगळं आहे तसं उचलून आणता येतं, हा त्याचा मोठा गुण. स्लॉट एकच असेल तर नव्या एसएसडीसाठी यूएसबी एन्क्लोजर (एसएसडी बाहेरून जोडायची डबी) घ्यावं लागतं. इथे गंमत अशी की वर ज्या व्हीएमडीने छळलं, ते क्लोन करताना आहे तसंच ठेवायचं. बायोसमध्ये ते बंद केलंत तर आधीचं विंडोज सहसा निळ्या पडद्यावर थांबतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं संरक्षण) चालू असेल तर क्लोनच्या आधी 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. जुनी डिस्क एमबीआर (जीपीटीच्या आधीची जुनी पद्धत) असेल तर क्लोनही सहसा एमबीआरच होतो आणि नुसत्या यूईएफआयवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये तो सुरू होत नाही. शिवाय रिकव्हरी पार्टिशन (दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग) मधे आडवं आलं की नव्या एसएसडीतली उरलेली जागा विंडोजच्या स्वतःच्या साधनाने सी ड्राइव्हला सरळ जोडता येत नाही.

माझं मत विचाराल तर घरच्या, कॉलेजच्या लॅपटॉपला नव्यानेच टाका. फाइली तेवढ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घ्या. लायसन्सची काळजी नको: मदरबोर्ड तोच असेल आणि विंडोजची आवृत्तीही तीच, होमला होम, प्रोला प्रो, तर इंटरनेट जोडल्यावर डिजिटल लायसन्स सहसा आपोआप लागू होतं. विंडोज 10 क्लोन करून आणण्यात तर मला अर्थ दिसत नाही. त्याचा सर्वसाधारण सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

दुकानाचा, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मात्र मी क्लोन करतो. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), डीटीपीचे (छपाईच्या मांडणीचे) जुने फॉन्ट, प्रिंटरची सेटिंग, हे पुन्हा लावताना दिवस जातो आणि गिऱ्हाईक दारात उभं असतं. तिथेही नव्यानेच टाकायचं ठरलं, तर टॅलीचं लायसन्स जुन्या विंडोजमधूनच आधी सरेंडर करा (म्हणजे त्या विंडोजवरून मोकळं करा), आणि सेटअप सुरू करताना जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा.