अरेबिया की अरिना: रँक्डचा सराव कुठे करावा?

एज ऑफ एम्पायर्स २ या युद्धनीतीच्या संगणक खेळाच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये एकास-एक रँक्ड, म्हणजे रेटिंग ठरवणारे डाव, सुरू केले की रेटिंग १०००पासून धरलं जातं, आणि बहुतेकांचं ते आधी खाली येतं. मग प्रश्न पडतो, की एक-दोन महिने नेटाने सराव करायचा तर पसंतीचा मॅप कोणता लावावा? यादीतले मॅप बदलत राहतात, पण अरेबिया आणि अरिना हे दोन त्यात जवळपास कायम असतात. म्हणून खरी निवड या दोघांतच आहे. दोन्हींवरच्या डावांचं रेटिंग एकच असतं, हे मात्र निवडण्याआधी लक्षात घ्या. नुसतं अरिना खेळून चढवलेलं रेटिंग घेऊन अरेबियावर उतरलात, तर समोर येणारा खेळाडू अरेबियाच्या मानाने तुमच्याहून बराच तयार असतो. उलट दिशेनेही फटका बसतो, पण तो कमी बसतो असं मला वाटतं.

आधी अरिना, कारण नवा खेळाडू साहजिकच तिकडे ओढला जातो. दगडी भिंत सुरुवातीपासून उभी असते. पहिली पंधरा मिनिटं सहसा कोणी त्रास देत नाही, त्यामुळे ठरलेला क्रम शांतपणे पाळता येतो. सगळ्यात रुळलेला क्रम म्हणजे २६ व्हिलेजर (कामकरी) आणि स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) धरून २७ लोकसंख्येवर फ्युडल या दुसऱ्या युगात जायचं बटण, फ्युडलमध्ये आणखी दोन व्हिलेजर आणि लगेच तिसरं युग, कॅसल. हिशोब सरळ आहे. सुरुवातीचे तीन सोडून २३ व्हिलेजर, प्रत्येकी २५ सेकंद, म्हणजे ५७५. व्हिलेजरचा जीव वाढवणाऱ्या लूम या सुधारणेचे २५ धरले की बरोबर दहा मिनिटं. फ्युडलला १३० सेकंद, दोन व्हिलेजरना ५०, कॅसलला १६०. एकही सेकंद वाया न घालवता १५ मिनिटं ४० सेकंदांनी तुम्ही कॅसल एजमध्ये असता. सुरुवातीला १७ मिनिटं लागली तरी चालेल.

पुढचा खेळ अरिनावर फार देखणा होतो. १७५ लाकडाचा मठ आणि १०० सोन्याचा एकेक मंक (साधू). रेलिक, म्हणजे मॅपवर पडलेला पवित्र अवशेष, मठात नेऊन ठेवलं की ते दर मिनिटाला ३० सोनं देतं, म्हणजे तीन रेलिक वीस मिनिटं सांभाळली तर १८०० सोनं. खाणीच्या एका चौकोनात ८०० असतं, त्यावरून याचं मोल कळेल. सुरुवातीच्या २०० दगडांत दोन जादा टाउन सेंटरं (व्हिलेजर तयार करणाऱ्या मुख्य इमारती) बसतात, लाकूड प्रत्येकी २७५. त्याऐवजी ६५० दगडांचा किल्ला आधी हवा असेल तर ४५० खणावे लागतात, आणि हा निर्णय कॅसल एजमध्ये पोचायच्या आधीच घ्यायचा असतो. नवे खेळाडू इथे चुकतात. दोन्ही थोडं थोडं करायला जातात, आणि धड किल्लाही होत नाही, धड अर्थव्यवस्थाही वाढत नाही.

अरेबियावर भिंत नाही. खुलं रान, अधूनमधून टेकड्या, आणि दहाव्या-अकराव्या मिनिटाला तुमच्या लाकूडतोड्यांच्या अंगावर तीन स्काउट. मॅप दर वेळी नवा तयार होतो आणि कधी कधी तो खरोखर वाईट पडतो. सोन्याची मुख्य खाण शत्रूच्या बाजूला, जंगलं दूर, आणि वरच्या उतारावर समोरचा. उंचावरून मारणाऱ्याचा वार २५ टक्के जास्त लागतो. अरेबिया सोडणारे बहुतेक जण या एका कारणाने सोडतात, आणि त्यांची तक्रार खोटी नाही.

तरीही सरावासाठी माझा कौल अरेबियाकडे झुकतो, आणि तो अरिनाच्या एकाच खोडीमुळे. अरिनावर चूक आणि तिची शिक्षा यांच्यात फार अंतर पडतं.

समजा, आठव्या मिनिटापर्यंत टाउन सेंटर चार वेळा पंधरा-पंधरा सेकंद रिकामं बसलं. एकदा घर बांधायचं राहिलं, एकदा अन्न संपलं, दोनदा रानडुकराकडे बघता बघता नव्या व्हिलेजरांची रांग लावायची राहिली. एक मिनिट गेलं, म्हणजे जवळजवळ अडीच व्हिलेजर. एक व्हिलेजर मिनिटाला ढोबळ वीसेक अन्न किंवा लाकूड आणतो. अरिनावर ही तूट पुढची वीस मिनिटं भिंतीआड साठत जाते आणि कोणी काही बोलत नाही. तुम्ही अठराव्या मिनिटाला कॅसलला पोचता, समोरचा तोवर तीन रेलिक उचलून गेलेला असतो, आणि तिसाव्या मिनिटाला बॉम्बार्ड कॅननने तुमचा किल्ला पडतो. डाव संपल्यावर मनात राहते ती तोफ. पुढच्या डावात तुम्ही तोफेवर उपाय शोधता, मंकांना तोफाही फितवता याव्यात म्हणून ४७५ सोन्याचं रिडेम्प्शन घेता, घोडदळ वाढवता, आणि आठव्या मिनिटाची चूक जशीच्या तशी पुन्हा करता. अरिनावर शंभर डाव होऊनही रेटिंग जागचं न हलणाऱ्यांचे डाव पाहिले तर बहुतेक वेळा हीच गोष्ट दिसते.

अरेबियावर तीच चूक तीन-चार मिनिटांत वसूल होते. भालेवाला घ्यायला ३५ अन्न आणि २५ लाकूड हवं असतं आणि ते नसतं. स्काउट दारात उभे असतात. कारण आणि परिणाम एकाच नजरेत दिसतात, त्यामुळे रेकॉर्डिंग पाहताना पहिली बाराच मिनिटं पाहावी लागतात. अरिनाचा तासभराचा डाव पुन्हा कोण बघत बसतो? खेळायला दोन तास मिळाले तर अरेबियाचे साधारण चार डाव होतात, अरिनाचे दोन किंवा तीन. सुरुवातीचा टप्पा तुम्ही तितक्याच वेळा घोटता.

अरेबियाच्या वाईट मॅपवर उपाय आहेत, आणि ते शिकणं हाच सरावाचा मोठा भाग आहे. पहिली चार-पाच मिनिटं स्काउट शत्रूकडे पाठवू नका. आठही मेंढ्या, दोन्ही डुकरं, हरणं, दोन्हीकडची जंगलं, सोनं आणि दगड सापडेपर्यंत तो आपल्याच बेसभोवती फिरवा. लाकडाची दुसरी छावणी नेहमी मागच्या बाजूच्या जंगलात टाका. सोनं पुढे पडलं असेल तर तिरंदाजीचं मैदान आणि घरं खाणीच्या पुढे आडवी बांधा. ती कधीतरी बांधायचीच होती, आता भिंतीचंही काम करतील. आणि स्काउट आले म्हणून टाउन सेंटरची घंटा वाजवू नका. सगळे व्हिलेजर वीस सेकंद काम सोडून पळाले की शत्रूला एकही माणूस न मारता हवं ते मिळालेलं असतं. ज्या टोळीवर हल्ला झाला तेवढीच आत घ्या आणि दोन भालेवाले सोडा.

पहिल्या वीस डावांना फ्रँक्स ही संस्कृती घ्या. शेतीच्या सुधारणा फुकट मिळतात आणि फ्युडलपासून स्काउटना २० टक्के जास्त जीव असतो. क्रम २१ लोकसंख्येचा: पहिले सहा व्हिलेजर मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर, अकरावा डुक्कर आणायला, त्यानंतरचे चार बोरांवर, एक पुन्हा टाउन सेंटरखालच्या अन्नावर, उरलेले चार लाकडावर. दुसरं डुक्कर मेंढ्यांवरच्याच एकाने आणायचं, पण जखमी नसलेल्याने. लूम नसलेल्या व्हिलेजरचा जीव २५ असतो. डुकराने आधी दोन धडका दिलेल्याला पुन्हा पाठवलं की तो वाटेतच मरतो. लूमसकट ७ मिनिटं ३० सेकंदांना फ्युडलचं बटण दाबलं गेलं पाहिजे. वर जाताना बॅरॅक, पोचताच स्टेबल, मग २४० अन्नाचे तीन स्काउट. स्काउट बाहेर पडले की पुष्कळ जण त्यांच्याच मागे कॅमेरा फिरवत राहतात आणि घरी टाउन सेंटर थांबतं. त्यांना शत्रूच्या लाकडाजवळ सोडा, एच दाबून घरी या, रांग लावा, मग परत जा.

७:३० आणि तुमची वेळ यांतला फरक प्रत्येक डावानंतर वहीत लिहा. तुमची वेळ ८:३० असेल तर एक मिनिट कुठे गेलं ते रेकॉर्डिंगमध्ये शोधा. ती वेळ ७:५०च्या खाली सलग पाच डाव राहिली, की रेटिंग आपोआप हलायला लागतं असं मला दिसलं आहे.

अरिना कोणासाठी योग्य, हेही सांगायला हवं. पिंग सतत जास्त असेल आणि हुकूम दिल्यावर माणूस हलायला वेळ लागत असेल, तर अरेबियावरची स्काउट-तिरंदाजांची झटापट निव्वळ त्रास आहे. तिथे अरिनाच घ्या. शॉर्टकट अजून बोटांत बसले नसतील, तर पंधरा दिवस अरिनावर, निव्वळ १५:४०च्या मागे लागून काढायला हरकत नाही. त्याआधी गेममधल्याच आर्ट ऑफ वॉर या सराव विभागातली फास्ट कॅसल आणि बूमिंग (अर्थव्यवस्था झपाट्याने वाढवणं) ही दोन आव्हानं सुवर्णपदक मिळेपर्यंत करा. अरिनाला तुर्क चांगले: सोनं खणणारे २० टक्के वेगवान आणि बंदुकांना जीव जास्त. पण त्यांना पाईकमॅन (भालेवाल्याची पुढची पायरी) नाही आणि स्कर्मिशर या स्वस्तातल्या भालाफेक्याची पुढची पायरीही नाही. त्यामुळे सोनं संपल्यावर त्यांच्याकडे स्वस्तातलं फारसं काही उरत नाही, आणि नव्या खेळाडूला हे चाळिसाव्या मिनिटाला कळतं.

शॉर्टकट बसले असतील आणि पिंग बरं असेल, तर पसंतीला अरेबिया लावा आणि बंदीत पाण्याचे मॅप टाका. अरिनावर बंदी घालू नका. दहात एखादा डाव तिथे पडला तर पडू द्या. अरेबियावर ७:४०ला फ्युडलचं बटण दाबायची सवय झालेल्या हाताला भिंतीआडची पंधरा मिनिटं फार सोपी जातात.