कॉन्फरन्स कॉल अ‍ॅपचे नवे रूप: बटणे सुधारली, ओळख पुसट झाली
आम्ही रोज वापरतो त्या कॉन्फरन्स कॉल अ‍ॅपचे रूप नुकतेच पूर्णपणे बदलले असून, चार आठवड्यांच्या वापरानंतर मांडणीतील बदल मला मनापासून आवडला आहे, बोधचिन्हाबद्दल मात्र तसे म्हणवत नाही.

सर्वांत मोलाची सुधारणा म्यूटच्या बटणात आहे. पूर्वी माइक बंद केल्यावर बटणाचा रंग केवळ हिरव्याचा लाल होत असे; लाल-हिरवा भेद ज्यांना नीट दिसत नाही (आणि पुरुषांमध्ये साधारणपणे बारांतील एकाला ही अडचण असते), त्यांना आपला आवाज इतरांपर्यंत पोहोचतो आहे की नाही, हे कळणे फार अवघड होते. आता माइकवर तिरकी रेघ येते, खाली ‘माइक बंद’ अशी अक्षरे दिसतात आणि तशा स्थितीत कोणी बोलू लागल्यास अ‍ॅप लगेच सूचना देते. कॉल संपवण्याचे बटणही दूर नेल्यामुळे, बोलण्याच्या भरात चुकून कॉल तोडला जाण्याची धास्ती उरलेली नाही.

सहभागींची नावे मात्र पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत आहेत. वेब सुलभतेच्या निकषांनुसार साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे प्रमाण) लागतो; येथे भर उजेडात नावे वाचताच येत नाहीत. अ‍ॅपच्या बोधचिन्हातील टेलिफोनचा रिसीव्हर जाऊन तेथे नुसते निळे वर्तुळ आले आहे, जे इतर निळ्या चिन्हांच्या गर्दीत मला कित्येक दिवस चटकन सापडत नव्हते. नाव कायम ठेवले, हे योग्यच झाले. चिन्हातही जुनी एखादी खूण राखायला हवी होती.