लेस्टरमध्ये मिळणारी हापूसची पेटी

इंग्लंडमधील लेस्टर शहराच्या बेलग्रेव्ह रोड भागातील एका भारतीय दुकानातून या मे महिन्यात घेतलेली रत्नागिरी हापूसची पेटी फळ म्हणून उत्तम निघाली. साल किंचित सुरकुतलेली होती, परंतु गर दाट केशरी होता, एकाही फळात साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) नव्हता, आणि आमरसाला वरून साखर लागली नाही. युरोपकडे येणाऱ्या आंब्यावर फळमाशीच्या बंदोबस्तासाठी उष्णजल किंवा उष्णबाष्प प्रक्रिया करतात व तिने चव मरते, अशी तक्रार इथल्या मराठी घरांत नेहमी ऐकू येते. या पेटीपुरती तरी ती खरी ठरली नाही.

या प्रक्रियेच्या सक्तीमागे एक मोठा व्यापारी वाद आहे. २०१३ मध्ये भारतातून आलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड आढळल्यावर युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांची आयात थांबवली. तेव्हा संघाचा सदस्य असलेल्या ब्रिटनच्या सरकारने बंदीचे समर्थन करताना देशातील टोमॅटो-काकडीच्या उत्पादकांना या किडींपासून असलेला धोका पुढे केला. उलट बाजूने लेस्टर ईस्टचे तेव्हाचे खासदार, गोमंतकीय कुटुंबातील कीथ वाझ, आणि ऐन हंगामात माल अडकलेले व्यापारी उभे राहिले. सह्या गोळा झाल्या, वर्तमानपत्रांनी हापूसची बाजू उचलून धरली. बंदीची मुदत डिसेंबर २०१५ पर्यंत होती, तरी आंब्यापुरती ती उठवण्याचा निर्णय जानेवारी २०१५ मध्येच झाला.

हे यश केवळ आरडाओरड्याचे होते असे मला वाटत नाही. युरोपीय तपासनिसांनी भारतातील निर्यात केंद्रांची पाहणी केली व तिथली व्यवस्था सुधारल्याचे त्यांना दिसले, म्हणूनच दार उघडले. लोकमताने त्या सुधारणेची निकड दोन्ही सरकारांना जाणवून दिली. मात्र त्याच निर्णयात चारही भाज्यांवरची बंदी कायम राहिली, ही गोष्ट मला आजही खटकते. हापूससाठी खासदार बोलले, पण पडवळ-कारल्यासाठी तेवढा आवाज कोणी उठवला नाही, आणि त्या भाज्या पिकवणाऱ्याचे नुकसान आंबा बागायतदारापेक्षा कमी मोलाचे नव्हते.

पेटीविषयी माझी खरी तक्रार लेबलाची आहे. कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातील मालालाच ते नाव लावता येण्याचे संरक्षण) मिळाले असूनही खोक्यावर बागेचा वा प्रक्रिया केंद्राचा उल्लेख नव्हता. ‘रत्नागिरी’ हा शब्द केवळ दुकानदाराच्या पाटीवर होता. एवढे दाम मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला फळ कुठून आले हे कळलेच पाहिजे. रसासाठी ही पेटी अवश्य घ्यावी. भेट म्हणून द्यायची असल्यास मात्र उगमाची स्पष्ट नोंद असलेलेच खोके दुकानदाराकडे मागावे.