तीस तासांचा आरपीजी घ्यावा की शंभर तासांचा? आठवड्याला सहा तास मिळणाऱ्यांसाठी

आरपीजी म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन लांबलचक गोष्ट खेळायचे व्हिडिओ गेम. आधी हिशोब करू, मग गेमची नावं घेऊ. हिंजवडीला नाहीतर खराडीला जॉब, जाऊन येऊन दोन तास ट्रॅफिकमध्ये, रात्री जेवणं उरकली की तास-पाऊण तास, तोही रोज नाही, आणि शनिवार-रविवार मिळून तीनेक तास, म्हणजे आठवड्याला सहा तास धरा आणि हे पण मी सढळ हाताने धरलेत. तीस तासांचा गेम पाच आठवड्यात उरकतो. शंभर तासांच्या गेमला सतरा आठवडे लागतात. म्हणजे गणपती बसले त्या आठवड्यात तीसवाला सुरू केला तर दसऱ्याच्या आसपास मोकळे, आणि शंभरवाला सुरू केला तर मधे नवरात्र, दिवाळी, गावाला जाणं, कोणाचं तरी लग्न, ऑफिसमधलं डिसेंबरचं रिलीज असं सगळं पार पडून संक्रांत येते.

आणि खरी गोची त्या मधल्या दिवाळीतच आहे. तासांवरून लोक तावातावाने भांडतात, एकजण म्हणतो एवढे पैसे घेतले तर निदान ऐंशी तास तरी पाहिजेत, दुसरा म्हणतो आमचं वय झालं आता वीस तासांच्या वर काही झेपत नाही. माझ्या मते दोघंही चुकीचा आकडा बघतात. दोन आठवडे हात लावला नाही आणि परत कंट्रोलर उचलला तर गेम तुम्हाला आत घेतो का, हे बघा. शंभर तासांचे काही गेम असे आहेत की महिन्याने आलात तरी चहा घ्या म्हणतात, आणि तीस तासांचे काही असे की पंधरा दिवसात ओळख विसरतात.

माझा भाचा दरवर्षी सेल लागला की विचारतो, आत्या यातला कुठला घेऊ, म्हणून हे एकदाच नीट लिहून काढते. तासांसाठी हाऊ लाँग टू बीट ही साइट सगळ्यांना माहीत असेल, खेळणाऱ्यांनीच भरलेले आकडे असतात, एक फक्त मेन स्टोरीचा, एक थोडं इकडेतिकडे केलं तर, आणि एक सगळंच्या सगळं संपवणाऱ्यांचा. आरपीजीसाठी पहिला आकडा विसरून जा, मधला धरा, कारण साइड क्वेस्टला, म्हणजे मुख्य गोष्टीबाहेरच्या छोट्या कामगिऱ्यांना, अजिबात हात न लावता सरळ चालत सुटणारा आरपीजीवाला मी अजून बघितलेला नाही.

विचर ३ पासून सुरुवात करू, कारण सेलमध्ये तो काहीशे रुपयात मिळतो आणि प्रत्येकाच्या लायब्ररीत न खेळता पडून असतो. २०१५ चा गेम, मेन स्टोरी पन्नासेक तास, साइडचं धरून शंभर, आणि दोन्ही एक्स्पान्शन, म्हणजे नंतर आलेले जोडभाग, घेतले तर त्याच्याही पुढे. आकडा बघून घाबरायला होतं पण खंड पडलेल्या माणसासाठी हा गेम सगळ्यात दयाळू आहे. सेव्ह लोड होताना नायकाचा कवी मित्र डँडेलायन कथा सांगितल्यासारखा आतापर्यंत काय झालं ते दोन वाक्यात सांगतो, क्वेस्ट लॉगमध्ये कोणाकडे जायचंय आणि का ते गोष्टीसारखं लिहिलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे बऱ्याच साइड क्वेस्ट एका बैठकीत संपणाऱ्या आहेत. गावात जायचं, फलकावरची चिठ्ठी घ्यायची, खुणा शोधायच्या, राक्षस मारायचा, पैसे घ्यायचे, झोपायचं. दीड तासात एक गोष्ट पूर्ण. फक्त एक सांगते, स्केलिगे नावाच्या बेटांवर पोचलात की समुद्रभर प्रश्नचिन्हं दिसतील, ती बहुतेक पाण्यात तरंगणारी स्मगलर लोकांची पेटारं आहेत, होडी घ्या, उडणारे प्राणी मारा, पेटी उघडा, परत तेच. ती सगळी पुसायच्या नादाला लागलात तर शंभरचे दीडशे कधी झाले कळणार पण नाही आणि गोष्टीत काडीची भर पडत नाही. मॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रश्नचिन्हं बंद करून टाका.

पर्सोना ५ रॉयल मात्र शंभर म्हणजे शंभरच, त्यात मधला-बिधला आकडा नाही, मेन स्टोरीच शंभराची आहे. गेम कॅलेंडरवर चालतो, एप्रिलमध्ये शाळा सुरू होते आणि एकेक दिवस पुढे सरकतो, दिवसाला दुपारी एक काम आणि संध्याकाळी एक. वाचताना कंटाळवाणं वाटेल पण नोकरीवाल्याला ही रचना भलतीच सोयीची आहे, रात्री गेममधले तीन-चार दिवस खेळायचे आणि झोपायचं, सिरियलचा एपिसोड संपावा तसं थांबायला जागा सापडते. अडचण पॅलेसमध्ये आहे. पॅलेस म्हणजे यातले मोठे डंजन, शत्रूंनी भरलेले भूलभुलैये, आणि त्यात वाटेल तिथे सेव्ह होत नाही, सेफ रूम गाठावी लागते. आता आपल्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते ती जाते, पावसाळ्यात तर वार पण बघत नाही. कन्सोल रेस्ट मोडला टाकून निवांत झोपलात आणि लाईट गेली तर थांबवून ठेवलेला गेम बंद होतो आणि मागच्या सेफ रूमपासून सगळं परत. इन्व्हर्टर टीव्हीच्या पॉइंटवर नसेल तर पॅलेस शनिवारी दुपारी करा. खंडाचं म्हणाल तर गोष्ट लक्षात राहते कारण माणसं लक्षात राहतात, पण पॅलेसच्या मधोमध सोडून गावाला जाऊ नका, परत आल्यावर कुठल्या दाराची किल्ली कुठे होती ते आठवता आठवता एक संध्याकाळ जाते.

बाल्डर्स गेट ३ बद्दल मला प्रेमाने वाईट बोलायचंय. २०२३ चा, लॅरियन स्टुडिओचा, तीन अंकांचा गेम, साइडचं धरून शंभर तास सहज. वाटेल तिथे सेव्ह होतो, टर्न बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाली करायचा, असल्यामुळे बेल वाजली तर उठून दार उघडून या, कोणी मरत नाही. पण खंड? दिवाळीनंतर परत आलात की पत्त्याच्या चालू डावात मधेच कोणाचे तरी पत्ते हातात दिल्यासारखं होतं. चार माणसं, प्रत्येकाची दहा-पंधरा स्पेल म्हणजे मंत्र, पिशवीत तीनशे वस्तू त्यातल्या निम्म्या का उचलल्या तेच माहीत नाही, कोणाला काय शब्द दिला होता ते जर्नलमध्ये तुटक लिहिलेलं, आणि समोर एक मारामारी जी एकटीच पाऊण तास घेते. तिसऱ्या अंकात शहर येतं तिथे तर पन्नास पावलांत चार क्वेस्ट अंगावर येतात, दमलेल्या माणसाने आठवड्यातून दोनदा जाऊन तिथे काही होत नाही. तरी घ्यायचाच असेल, आणि गेम भारीच आहे यात वादच नाही, तर मोठा खंड अंकाच्या शेवटी घ्या. पहिला अंक एवढा भरलेला आहे की तो एक पूर्ण आरपीजी समजून खेळला तरी चालतं, अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे गेम पूर्ण व्हायच्या आधीच विकायला काढतात तेव्हा, लोकांनी २०२० पासून तेवढाच तर खेळला होता.

एल्डन रिंगचं गणित उलटं आहे. साठ ते शंभर तास, क्वेस्ट लॉग नाहीच, कोण कुठे भेटला आणि काय म्हणाला हे लक्षात ठेवायचं किंवा वहीत लिहायचं. वाटेल की खंड पडला की संपलं सगळं. पण गोष्ट मुळातच एवढी पातळ वाढलेली आहे की विसरण्यासारखं फार काही नसतंच, नकाशावर न गेलेली जागा दिसली की घोडा तिकडे वळवायचा. विसरतात ते हात. बसलेला हात जातो आणि आधी सहज मारलेले शिपाई तुम्हाला धोपटून काढतात. अर्धा तास मोकळ्या मैदानात भटका, हात परत बसतो. दुसरं म्हणजे हा गेम पॉज होत नाही. सासूबाईंनी हाक मारली, कुकरची शिट्टी झाली, कुरियरवाला आला, तरी समोरचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, थांबत नाही. ज्यांच्या घरात संध्याकाळी सलग वीस मिनिटं कोणी हाक मारत नाही अशांनीच घ्यावा.

आता तीसच्या बाजूला येऊ. क्लेअर ऑब्स्क्युर एक्सपेडिशन ३३, एप्रिल २०२५, फ्रान्समधल्या माँपेलिएच्या सँडफॉल नावाच्या छोट्या स्टुडिओचा पहिलाच गेम, त्या वर्षीचा द गेम अवॉर्ड्सचा गेम ऑफ द इयर. मेन स्टोरी तीसेक तास. सुरुवातीच्या पहिल्या तासातच तुम्हाला असं काही दाखवतात की पुढचे पाच आठवडे दुसरा गेम उघडायची इच्छा होत नाही, आणि गोष्ट पाणी न घालता पळते, शंभरवाल्यांनी शिकावं असं. पण हाच तो तीस तासांचा गेम जो खंड सहन करत नाही. टर्न बेस्ड दिसतो पण शत्रूचा वार येताना नेमक्या क्षणी डॉज (वार चुकवणं) किंवा पॅरी (वार अडवणं) दाबावं लागतं, प्रत्येक शत्रूची लय वेगळी, वरून पात्रागणिक वेगळी सिस्टीम आणि पिक्टोज नावाची, पात्राची ताकद जुळवायची भानगड. दोन आठवड्यांनी आलात की बॉस दोन फटक्यात आडवं करतो. म्हणून हा दिवाळीच्या तोंडावर सुरू करू नका. डिफिकल्टी स्टोरीवर, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीवर, आणायची सोय आहे, तिथे लाज बाळगायचं कारण नाही.

डिस्को एलिझियम, २०१९, पंचवीस-तीस तास, मारामारीच नाही, सगळं वाचन आणि संवाद. दिवसभर ऑफिसचे मेल आणि जिरा सॉफ्टवेअरमधली कामं वाचून आलेल्या डोळ्यांना हे नको होतं, शुक्रवारी रात्री मात्र मजा येते. क्रोनो ट्रिगर हा १९९५ चा, वीस-पंचवीस तास, फोनवरही मिळतो, म्हणजे बसमध्ये जागा मिळाली की चालू, आणि यात एक मिनिट वाया घालवलेलं नाही. रस्त्यात शत्रू डोळ्यांना दिसतात, बरेचदा टाळता येतात, आणि एकदा संपल्यावर न्यू गेम प्लसमध्ये आधीची ताकद घेऊन परत खेळून वेगळे शेवट बघता येतात. लांबी हवी त्याने वाढवून घ्यावी, नको त्याने थांबावं, एवढी साधी गोष्ट तीस वर्षांपूर्वी जमली होती.

कारण बरेचदा लांबी गोष्टीतून येत नाही, भरावातून येते. फायनल फँटसी ७ बघा. १९९७ च्या मूळ गेममध्ये मिडगार शहराचा भाग पाच-सात तासात संपतो आणि मग जग उघडतं. २०२० च्या रिमेकमध्ये तेवढंच शहर म्हणजे अख्खा गेम, तीस तासांच्या वर. यातला काही भाग खरंच सुंदर आहे, साइडची माणसं जिवंत झालीत, आणि काही भाग म्हणजे मांजरी शोधा, क्रेन इकडून तिकडे हलवा. दोन्ही एकाच गेममध्ये आहेत म्हणून हे उदाहरण मला आवडतं. दुसरीकडे डायिंग लाइट २ च्या कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये अभिमानाने सांगितलं की सगळं पूर्ण करायला पाचशे तास लागतील, आणि लोक खूश व्हायच्या ऐवजी वैतागले, मग त्यांना खुलासा करावा लागला की मेन स्टोरी एवढी मोठी नाही बरं का. युबिसॉफ्टनेही असॅसिन्स क्रीड मालिकेत लांबलचक व्हॅल्हालानंतर मिराज मुद्दाम आटोपशीर काढला. आणि आपल्या पुण्यातल्याच नोडिंग हेड्सचा राजी, २०२० चा, आरपीजी नाही, ॲक्शन ॲडव्हेंचर आहे, पण पाच-सहा तासात संपतो आणि त्यातले रंग आणि भिंतीवरची चित्रं अजून लक्षात आहेत. दोन रविवारांचा गेम.

पैशाचं बोलायलाच पाहिजे, पुणेकर आहोत. नवीन मोठा पीएस५ गेम ४,९९९ ला धरा. शंभर तासांनी भागलं तर तासाला पन्नास रुपये, तीसने भागलं तर एकशे सहासष्ट, म्हणून शंभरवाला पैसा वसूल, असं गणित भाचा मांडतो. पण तो चाळीस तासांवर सोडून देतो, दरवर्षी, मग त्याला तासाला सव्वाशे पडले आणि शेवट पण नाही मिळाला. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, कुठल्याही गेमची ग्लोबल अचिव्हमेंट उघडा, किती टक्के खेळणारे कुठपर्यंत पोचले ते तिथे दिसतं, पहिल्या अंकाची टक्केवारी आणि शेवटच्या बॉसची टक्केवारी शेजारी ठेवून बघा, मग कळतं की आपला भाचा एकटा नाही.

मग घ्यायचा कुठला? पुढचे पाच-सहा आठवडे मोकळे दिसतायत, घरात काही कार्य नाही, तर एक्सपेडिशन ३३, डोळे झाकून. वेळेचा काही भरवसा नाही, कधी मिळेल कधी नाही, तर उलट विचर ३ घ्या, तास जास्त असले तरी. रोज रात्री नियमाने अर्धा तास बसणारे असाल तर पर्सोना. बाल्डर्स गेट फक्त नोकरी बदलताना नोटीस पिरियडमध्ये.

आणि विकत घेण्याआधी एक, स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. एक्सपेडिशनला ते दोन तास पुरतात, आवडतोय का नाही ते कळून जातं. पर्सोनाला नाही पुरत, तिथे दोन तासात गेम तुमचं बोट धरूनच चालवत असतो. त्यामुळे पर्सोनाचा निर्णय परताव्याच्या भरवशावर घेऊ नका, यूट्यूबवर कोणाचा तरी विनाकॉमेंट्री व्हिडिओ काढा आणि दहा-बारा तासांच्या पुढचा कुठलाही अर्धा तास बघा, बघताना फोन हातात घ्यावासा वाटला तर सोडून द्या.