विमान बांधणी की विमान देखभाल? फिटर आणि मेकॅनिकल डिप्लोमावाल्यांसाठी

एक वाट कारखान्याची. ओझरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कारखाना) सुखोई-३० जोडलं गेलं, आता तेजस मार्क १ए जोडलं जातंय. दुसरी वाट देखभालीची, म्हणजे नागपूरच्या मिहानमधला एमआरओ (विमानांची देखभाल-दुरुस्ती करणारा तळ) किंवा मुंबई विमानतळावरची लाइन (उड्डाणांच्या मधल्या वेळेतली तपासणी-दुरुस्ती). हत्यारं दोन्हीकडे जवळपास सारखीच, पण रोजचं काम आणि पुढची बढती पार वेगळी.

बांधणीत हाताचं कसब लागतं. पत्रे जोडणाऱ्या १/८ इंची रिव्हेटच्या भोकाला ३० नंबरचा ड्रिल. पत्र्यांबाहेर आलेली रिव्हेटची शेपूट त्याच्या व्यासाच्या दीडपट हवी. ठोकल्यावर तयार झालेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. एकानं रिव्हेट ठोकायची गन धरायची, दुसऱ्यानं मागून डॉली, म्हणजे टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा. ड्रिल जरा तिरका गेला की भोक अंडाकृती होतं आणि मोठ्या मापाचा रिव्हेट घालावा लागतो. मग कडेपासूनचं अंतर व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी भरलं, तर तो भाग नापास होऊ शकतो. नवखे हमखास चुकतात ते बरमध्ये, म्हणजे भोकाच्या कडेला उरलेल्या धातूच्या कंगोऱ्यात. भोकं पाडल्यावर पत्रे सुटे करून बर काढला नाही, तर पत्र्यांमध्ये फट राहते आणि रिव्हेट त्या फटीतच फुगतो.

देखभालीत वाचन लागतं. मॅन्युअल इंग्रजीत, आणि विमानं दिवसा उडतात म्हणून लाइनवर रात्रपाळी ठरलेली. टॉर्कचंच, म्हणजे नट आवळायच्या जोराचंच पाहा: टॉर्क पाना १० इंची, त्याला सरळ रेषेत २ इंचांचा क्रोफूट (पान्याची लांबी वाढवणारं उघड्या तोंडाचं जोड-टोक) जोडलाय आणि नटाला १२० इंच-पौंड हवेत, तर पाना १०० वर लावायचा. १२० वरच ठेवला तर नटावर १४४ पडतात. नट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या ०.०३२ इंची लॉकवायरला इंचाला ६ ते ८ पीळ द्यायचे आणि ओढ नट घट्ट होण्याच्या दिशेलाच ठेवायची. जास्त पीळ दिलेली तार तुटते. पाळी संपताना एक स्क्रू ड्रायव्हर कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत.

आमच्या मते निवड ठरते सहीवर. देखभालीत काम कितीही चोख केलं, तरी विमान उड्डाणाला सोडायची सही डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) परवानाधारकाची. मेकॅनिकलवाल्यांसाठी तो परवाना बी१ वर्गाचा. पेपरात ७५ टक्के लागतात, परवाना ५ वर्षांचा असतो, आणि तो वापरायचा तर मागच्या २ वर्षांत ६ महिन्यांचं प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं. शिवाय ए३२० सारख्या विमानावर सही करायला त्या प्रकारची नोंद परवान्यावर वेगळी घ्यावी लागते. परवान्याचा अभ्यास करायची तयारी नसेल, तर या वाटेला जाऊ नका. आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीखाली काम करावं लागेल. बांधणीत असा परवाना लागत नाही, तिथे हाताचं कसब आणि तपासणीत पास झालेलं काम बोलतं.

आयटीआयवाल्यांनी नागपूर आयटीआयमधला विमानाच्या सांगाड्याचा आणि उपकरणांचा फिटर हा ट्रेड आधी पाहावा. बारावीला गणित-भौतिक-रसायन घेतलेल्यांनी आणि डिप्लोमावाल्यांनी परवान्याच्या कोर्सला फी भरण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: संस्था डीजीसीएच्या मंजूर यादीत आहे का, आणि प्रात्यक्षिक कोणत्या हँगरमध्ये, कोणत्या विमानावर होणार. या दुसऱ्या गोष्टीचं उत्तर संस्थेकडून लेखी मागा.