मीठ तपासणी किट: दोन थेंबांत काय कळतं आणि काय कळत नाही

आम्हा आशा सेविकांना (गावपातळीवर आरोग्याचं काम करणाऱ्या) प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिठातलं आयोडीन तपासायचं एक छोटं किट मिळतं. मी शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर काम करते आणि हे किट कायम माझ्या पिशवीत असतं. महिन्याला ५० घरांचं मीठ तपासायचं, त्याचे २५ रुपये मिळतात. पैशाचं सोडा, पण पिशवीतल्या सगळ्या सामानात लोकांना सगळ्यात लवकर पटणारी वस्तू हीच आहे. म्हणून तिच्याबद्दल नीट लिहिते.

डब्यात तपासणीच्या द्रावणाच्या छोट्या बाटल्या असतात, फेरतपासणीची वेगळी एक बाटली, मीठ घ्यायला इवलीशी पांढरी वाटी आणि रंगाचा तक्ता. तक्त्यावर चार चौकोन: ०, ७, १५ आणि ३० पीपीएम, म्हणजे मिठाच्या दहा लाख भागांत आयोडीनचे किती भाग ते. वाटीत मीठ भरायचं, वरून सपाट करायचं, बाटली हलवून दोन थेंब टाकायचे आणि मिनिटभर थांबायचं. आयोडीन असेल तर मीठ निळं-जांभळं होतं. द्रावणात स्टार्च असतो, तो मोकळ्या झालेल्या आयोडीनला भेटला की हा रंग येतो. रंग जितका गडद, तितकं आयोडीन जास्त.

रंग आलाच नाही तर लगेच 'आयोडीन नाही' म्हणायचं नाही. काही मीठ अल्कधर्मी असतं, त्यावर पहिली चाचणी चालत नाही. नवीन मीठ घ्यायचं, त्यावर आधी फेरतपासणीच्या बाटलीतले पाच थेंबांपर्यंत टाकायचे आणि त्याच जागी तपासणीचे दोन थेंब. माझ्याकडे बऱ्याच खडेमिठाला या दुसऱ्या वेळी रंग आलेला आहे. घाईत ही पायरी गाळली तर चांगल्या मिठाला आपण उगाच वाईट ठरवतो.

तक्त्यावर १५ च्या चौकोनाला एवढं महत्त्व का, ते मी बायकांना असं सांगते. कायद्याप्रमाणे ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन हवं, म्हणजे एक ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं. दिवसभराच्या स्वयंपाकातून दहा ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जात असेल तर हिशोब जमतो. गरोदर बाईची गरज याहून बरीच जास्त, कारण पोटातल्या बाळाचा मेंदू त्यावरच घडतो. म्हणून गरोदर बाई असलेल्या घरचं मीठ मी सगळ्यात आधी तपासते.

किटचा खरा गुण म्हणजे निकाल समोरच दिसतो. वीज लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, वाट बघावी लागत नाही. एका पाड्यावर सगळ्या घरी बाजारातून आणलेलं सुटं मीठ होतं. गुरांसाठी म्हणून स्वस्तात येतं ते, पोत्यावर तसं लिहिलेलंही असतं, पण सुटं विकलं की लिहिलेलं दिसणार कुठे? वाटीतलं मीठ पांढरंच्या पांढरं राहिलं. शेजारी दुकानातल्या पुडीचं मीठ ठेवलं, ते जांभळं झालं. घरातल्या आजीबाईंनी स्वतःच विचारलं, "मग सुनेला हेच मीठ देते का मी?" पुढच्या बाजाराला त्या घरी पुडी आली. मी तासभर बोलले असते तरी एवढं झालं नसतं.

शहरातल्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. नाशिकला माझी जाऊ राहते. तिच्याकडे रोजच्या जेवणात गुलाबी सैंधव असतं, आरोग्याला चांगलं म्हणून. मी किट काढलं. दोन्ही पद्धतींनी रंग आला नाही. उपासापुरतं सैंधव ठीक आहे, पण घरातलं एकमेव मीठ तेच असेल आणि पुडीवर आयोडीनयुक्त लिहिलेलं नसेल, तर तुमची आणि आमच्या पाड्यावरच्या सुट्या मिठाची गत सारखीच.

आता उणिवा. ७ आणि १५ मधला फरक डोळ्याने ओळखणं कठीण जातं. कुडाच्या अंधाऱ्या घरात तर नाहीच, अंगणात उजेडात यावं लागतं. हे किट 'आहे की नाही' ठामपणे सांगतं, 'किती' ते अंदाजानेच. नेमका आकडा हवा तर प्रयोगशाळेतच नमुना पाठवावा लागतो. मिठात आयोडीन दोन रूपांत घालता येतं, आयोडेट आणि आयोडाइड; किट फक्त आयोडेट ओळखतं, आयोडाइड नाही. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेटच घालतात, ते आपल्या उन्हात-दमटात जास्त टिकतं, त्यामुळे एरवी अडत नाही. द्रावण मात्र मे महिन्याच्या उन्हात पिशवीत राहिलं तर बिघडतं. मला मिळालेल्या डब्यातलं माहितीपत्रक इंग्रजीत होतं, हे मला अजिबात आवडलं नाही. वापरणारी कोण आहे याचा विचार करूनच कागद छापायला हवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे किट मीठ तपासतं, गळा तपासत नाही. आमच्या प्रशिक्षणात हिमाचल प्रदेशातल्या कांगड्याचं उदाहरण सांगतात. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी कांगडा खोऱ्यात काही भागात आयोडीनचं मीठ दिलं, काही भागात साधं, आणि आयोडीन मिळालेल्या भागात मुलांचे गलगंड, म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची सूज, कमी झाले. त्यातूनच १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. ते शंभर टक्के खरं. पण त्यामुळे 'गलगंड म्हणजे आयोडीनची कमतरता' एवढंच डोक्यात बसतं, आणि मीठ जांभळं झालं की बाई निर्धास्त होते. तिथे धोका आहे.

आयोडीन कमी पडलं की मेंदूकडून थायरॉइडला जास्त काम करायचा हुकूम सुटतो आणि ग्रंथी वाढते. सुरुवातीला सगळीकडून सारखी, मऊ. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर तिच्यात गाठी होतात, आणि मग मीठ बदलून त्या बसत नाहीत. त्यातल्या काही गाठी पुढे स्वतःच्या मर्जीने जास्त हार्मोन बनवायला लागतात. वयात येताना आणि गरोदरपणात मुळात गरज वाढते म्हणून थोडी सूज येऊ शकते.

पण मिठाच्या पलीकडची कारणंही आहेत. शरीराची संरक्षण व्यवस्थाच ग्रंथीवर उलटते तेव्हा हाशिमोटोचा आजार होतो: गळा भरलेला, थकवा, वजन वाढणं, थंडी सोसत नाही, पाळी बिघडते. बायकांत हा खूप दिसतो आणि एकाच घरात माय-लेकीला असू शकतो. ग्रेव्हज आजारात उलट होतं. धडधड, हात थरथरणं, खाऊनही रोडावणं, काहींचे डोळे पुढे येतात. तापसर्दीनंतर ग्रंथी सुजून दुखते तो प्रकार वेगळा. मानसिक आजारावरच्या लिथियमसारखी औषधंही कारण असतात. आणि एकच गाठ, टणक, भरभर वाढणारी, सोबत आवाज बसलेला किंवा घास अडकतोय, तर एक दिवसही घरी थांबू नये.

माझ्या भागातल्या एका वहिनीचं मीठ दरवेळी गडद जांभळं व्हायचं. गळा मात्र फुगलेला. मी त्यांना पाण्याचा घोट घ्यायला सांगितलं. घोट गिळताना सूज वर सरकली, म्हणजे थायरॉइडचीच. मग त्यांचाच अंगठा बघितला. ग्रंथीची बाजू अंगठ्याच्या शेवटच्या पेरापेक्षा मोठी लागली तर तो गलगंड धरतात. मान सरळ असताना दिसत नाही पण हाताला लागतो तो पहिल्या श्रेणीचा, सरळ मानेतही दिसतो तो दुसऱ्या. वहिनींचा दुसऱ्या श्रेणीचा होता. रक्ताची टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारी तपासणी) आणि गळ्याची सोनोग्राफी झाली, निदान हाशिमोटो. आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेतात आणि पुन्हा शेतावर जायला लागल्या आहेत. नुसत्या किटवर विसंबून राहिलो असतो तर हे निदान झालं नसतं.

पाचपैकी चार गुण देईन. शाळांनी, अंगणवाड्यांनी, बचत गटांनी हे किट जरूर मागून घ्यावं. मुलांसमोर एकदा करून दाखवलं की घरोघरी मिठाची चौकशी सुरू होते. वापरताना बाटलीवरची मुदत बघा, उघडल्याची तारीख पेनाने लिहा, डबा चुलीपासून आणि उन्हापासून लांब ठेवा. मिठालाही तेच लागू आहे. झाकणाच्या बरणीत ठेवा, खडेमीठ धुऊन वापरू नका, भाजीत शेवटी घाला. आणि मीठ जांभळं झालं तरी घरातल्या प्रत्येक बाईला एक घोट पाणी प्यायला सांगून तिचा गळा उजेडात बघून घ्या.